कॉटेज विकायला निघालं तेव्हा: दक्षिण सॉमरसेटमधल्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेटच्या दक्षिण भागात, हॅम हिल नावाची टेकडी आहे. तिथून निघणारा मधाच्या रंगाचा दगड आसपासच्या गावांत शेकडो वर्षं वापरला गेला. चर्च, शाळा, गोठे, घरं सगळी त्याच दगडाची. ऊन कलायला लागलं की अख्खी आळी सोनेरी दिसते, आणि घरविक्रीच्या जाहिरातीत हमखास तोच फोटो असतो. हे प्रकरण अशाच एका गावातलं. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावं बदलली आहेत आणि रकमा ओळख पटणार नाही इतपत मागेपुढे केल्या आहेत. हिशेबाचं प्रमाण मात्र खरं आहे.

मी याच भागात गृहकर्ज सल्लागार म्हणून काम करतो. यातलं भाडेकरू कुटुंब माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. पुढे घर विकणाऱ्या वारसांपैकी एका बाईंशीही सविस्तर बोलणं झालं. दोन्ही बाजूंच्या परवानगीनं हे लिहितो आहे.

गाव लहान. एक पब, एक चर्च, दोन वर्गांची प्राथमिक शाळा आणि गावकरी पाळीपाळीनं उभे राहून चालवतात ते दुकान. गॅसची पाइपलाइन नाही. घरामागे तेलाची टाकी असते, थंडी पडायच्या आत टँकर मागवून ती भरून घ्यायची. नोकरीधंद्याचं जवळचं मोठं ठिकाण म्हणजे येओव्हिल, तिथे हेलिकॉप्टरचा कारखाना आहे. क्रूकर्नहून लंडनच्या वॉटर्लू स्थानकाला थेट गाडी जाते, अडीच तासांच्या आसपास लागतात. रोज जायला हे अंतर फार, पण आठवड्यातून एखाद्या दिवशी ऑफिस गाठायचं असेल तर जमण्यासारखं. कोविडनंतर घरून काम रुळलं आणि या गावाचं गिऱ्हाईक त्यामुळेच बदललं.

मराठी वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडे तरुण मुलं शहरात जातात आणि गावातली घरं कुलूपबंद पडतात. इथेही तरुण जातात, पण त्यांच्या मागे घर पडून राहत नाही. त्या घरासाठी रांग लागलेली असते. लंडनमधलं किंवा लंडनलगतच्या सरेमधलं घर विकून, हातात रोकड घेऊन, निवृत्तीला आलेली जोडपी इथे येतात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो, त्यामुळे बाहेरच्या पैशाला निदान एक दार बंद असतं. इंग्लंडमध्ये घराला किंवा शेताला एरवी अशी अट नसते. ज्याच्याकडे पैसे, त्याला मोकळीक.

दुसरीकडे घरांची संख्या जवळजवळ गोठलेली. गावाचा जुना भाग संरक्षित क्षेत्र असल्यामुळे तिथे खिडकी बदलायची तरी दहा वेळा विचार करावा लागतो. आराखड्यात गावाभोवती जी हद्द आखली आहे तिच्या बाहेर सहसा बांधकामाला परवानगी मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कौन्सिलनं, म्हणजे स्थानिक प्रशासनानं, गावाच्या टोकाला कामकऱ्यांसाठी दोन रांगा घरं बांधली होती. 1980 च्या गृहनिर्माण कायद्यानं भाडेकरूंना ती सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला आणि बहुतेकांनी घेतली. घेणाऱ्यांचं भलं झालं, यात शंका नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधली गेली नाहीत, आणि स्वस्त भाड्याची घरं गावातून संपत आली.

देशभराचा आकडा सांगायचा तर 1997 मध्ये इंग्लंडमधल्या मध्यम घराची किंमत पूर्णवेळ नोकरदाराच्या मध्यम वार्षिक कमाईच्या साडेतीनपट होती. 2021 मध्ये ती नऊपटीवर गेली. गावातल्या गावात कमावणाऱ्यासाठी प्रत्यक्षातलं अंतर याहून मोठं होतं.

अडचण

मार्टिन शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. हेलन गावच्या शाळेत सहायक म्हणून अर्धवेळ काम करायची. मुलगी नऊ वर्षांची. ही तिघं एका तीन खोल्यांच्या दगडी कॉटेजमध्ये नऊ वर्षं भाड्यानं राहत होती. भाडं महिना 825 पौंड. घरमालकीण वयस्क बाई, भाडं क्वचितच वाढवायच्या, आणि मार्टिन त्यांच्या घराची पन्हाळी साफ करण्यापासून बॉयलरपर्यंत सगळं बघायचा. शिवाय तो दोन मैलांवरच्या अग्निशमन केंद्रात ऑन-कॉल जवान होता, म्हणजे पेजर वाजला की हातातलं काम टाकून काही मिनिटांत केंद्रावर हजर व्हायचं. ग्रामीण इंग्लंडमधली बरीचशी अग्निशमन केंद्रं अशाच माणसांवर चालतात. केंद्राजवळ राहणं ही त्या कामाची पहिली अट.

जानेवारी 2021 मध्ये मालकीणबाई वारल्या. मृत्युपत्राप्रमाणे कॉटेज तीन मुलांच्या वाट्याला आलं. थोरली मुलगी ब्रिस्टलला, मधला मुलगा कॅनडात, धाकटा बर्मिंगहॅमजवळ. थोरली आणि धाकटा हे दोघं एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे. विकून वाटणी करणं सगळ्यांच्या दृष्टीनं सोपं होतं.

एप्रिलमध्ये मार्टिन आणि हेलनला कलम 21 ची नोटीस आली. 1988 च्या गृहनिर्माण कायद्यातल्या या कलमान्वये, ठरलेली मुदत संपलेल्या भाडेकरूला मालक कुठलंही कारण न देता घर सोडायला सांगू शकत असे. एरवी नोटीस दोन महिन्यांची. कोविडच्या काळात ती वाढवून सहा महिने केलेली होती, म्हणजे त्यांच्या हातात ऑक्टोबरपर्यंत वेळ होता.

ही मुदत पुढे सगळ्या घासाघिशीच्या केंद्रस्थानी आली. कारण त्याच वेळी सरकारनं स्टॅम्प ड्यूटीत सवलत दिलेली होती. 5 लाख पौंडांपर्यंतच्या घरावरचा मूळ कर जुलै 2020 पासून माफ होता आणि ही माफी 30 जून 2021 ला संपणार होती. पुढचे तीन महिने अडीच लाखांपर्यंतच माफी, आणि मग सगळं पूर्ववत. बँक ऑफ इंग्लंडचा दर 0.1 टक्का. स्वस्त कर्ज, करमाफी, आणि शहराबाहेर बाग असलेलं घर हवं अशी ओढ, असा तिहेरी जोर त्या वसंतात एकाच वेळी बाजारात उतरला होता.

समोरचे पर्याय

माझ्याकडे आले तेव्हा दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला 39,500 पौंड होतं. बँका साधारण साडेचारपट देतात, म्हणजे 1,77,750 पौंड. बचत 21,000. सगळं ओतलं तरी दोन लाखांच्या थोडं खाली.

कॉटेजची जाहिरात लागली ती 3,75,000 या मार्गदर्शक किमतीला. तेव्हा हा पर्याय कागदावर मांडायच्या आधीच संपला होता. तरी हेलननं विचारलं, “आम्ही नऊ वर्षं राहतोय, आम्हाला पहिला हक्क नाही का?” नाही. इंग्लंडमध्ये फ्लॅटच्या भाडेकरूंना 1987 च्या कायद्यानं काही परिस्थितीत खरेदीचा पहिला नकार मिळतो. स्वतंत्र घराच्या भाडेकरूला तसा हक्क नाही.

दुसरा पर्याय मला सुरुवातीला आशेचा वाटला. कौन्सिलच्या जुन्या रांगेतलं एक घर 2,10,000 ला विकायला होतं. त्यावर कलम 157 चं बंधन होतं: 1985 च्या कायद्यानुसार ठरावीक ग्रामीण भागात कौन्सिलची घरं विकताना ही अट घालता येते, की पुढे घर विकायचं तर त्याच भागात गेली तीन वर्षं राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यालाच विकायचं. म्हणून तर भाव कमी. लंडनचा पैसा इथे येऊ शकत नव्हता. मार्टिन आणि हेलन अटीत अगदी चपखल बसत होते.

घर बघायला गेलो आणि वरचा मजला पाहूनच काय ते कळलं. खालचा मजला काँक्रीटच्या पट्ट्यांचा, आणि वरच्या मजल्याभोवती छप्परच उतरत खाली आलेलं, कौलांनी मढवलेलं. याला कॉर्निश युनिट म्हणतात. युद्धानंतर विटा आणि गवंडी दोन्ही कमी होते, तेव्हा कारखान्यात काँक्रीटचे भाग ओतून ही घरं उभी केली गेली. पुढे त्या काँक्रीटच्या आतल्या सळ्या गंजतात असं दिसून आलं आणि 1984 च्या कायद्यानं अशा अनेक प्रकारांना सदोष ठरवलं. मान्यताप्राप्त पद्धतीनं भिंती बदलून त्याचं प्रमाणपत्र असेल तर बँक कर्ज देते. या घराला प्रमाणपत्र नव्हतं. जोडीचं शेजारचं अर्धं घर दुरुस्त केलेलं, हे अर्धं तसंच. मी चार बँकांकडे चौकशी केली आणि चारही ठिकाणी नकार मिळाला. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या बचतीच्या कितीतरी पट होता, आणि दुरुस्तीआधी कर्ज मिळत नाही म्हटल्यावर सुरुवात कुठून करणार?

ते घर शेवटी शेजारच्या गावात वीस वर्षं राहिलेल्या एका निवृत्त गृहस्थानं रोखीनं घेतलं. कायद्याची अट पाळली गेली. पण अट होती स्थानिक असण्याची, पगारावर जगणारा असण्याची नव्हे. आणि ज्या घराला बँक हात लावत नाही, त्याला गिऱ्हाईक फक्त रोखवालाच उरतो.

तिसरा पर्याय गावाच्या शिवेवर, एका शेताच्या कोपऱ्यात होता. इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक अपवाद आहे: गावाच्या आखलेल्या हद्दीबाहेर, जिथे एरवी परवानगी मिळणार नाही, तिथे स्थानिक गरजूंसाठी कायमस्वरूपी परवडणारी थोडी घरं बांधता येतात. जमीनमालकाला बाजारभावानं बिल्डरकडून मिळाली असती तेवढी रक्कम मिळत नाही, पण शेतजमिनीच्या भावापेक्षा बरीच जास्त मिळते. या भागात शेतजमीन एकरी दहा हजारांच्या आसपास. अशा योजनेत एकेका घराच्या जागेला साधारण तेवढेच पैसे मिळू शकतात. गावातल्या एका शेतकऱ्यानं आठ घरांपुरती जागा द्यायचं कबूल केलं होतं. पाच भाड्याची, तीन अंशतः मालकीची, म्हणजे घराचा हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्याचं भाडं द्यायचं. बांधणार एक गृहनिर्माण संस्था.

पण हे सगळं अडकलं होतं, आणि त्याचं कारण गावात कोणाच्याच हातात नव्हतं. गावाचं पाणी पॅरेट नदीला मिळतं आणि नदी सॉमरसेट लेव्हल्सच्या पाणथळ प्रदेशात जाते. तिथलं पाणी फॉस्फेटनं बिघडलं आहे म्हणून ऑगस्ट 2020 मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेनं तिथल्या कौन्सिलांना पत्र लिहिलं: नव्या घरांच्या सांडपाण्यातून फॉस्फेटची भर पडणार नाही याची खात्री झाल्याशिवाय परवानगी देऊ नका. या पाणलोटातले हजारो घरांचे अर्ज एका पत्रानं थांबले. गावचा अर्ज त्याच वर्षीच्या वसंतात गेलेला होता.

चौथा पर्याय म्हणजे येओव्हिलच्या कडेला नव्या वसाहतीतलं घर, सरकारच्या हेल्प टू बाय योजनेतून. सरकार किमतीच्या 20 टक्के कर्ज देणार, पहिली पाच वर्षं त्यावर व्याज नाही. फक्त पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी, आणि नैऋत्य भागात किमतीची मर्यादा 3,49,000. गावात ही योजना वापरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती फक्त नव्या बांधकामाला लागू होती आणि गावात नवं बांधकाम नव्हतं. गावातून माणसं शहरात ढकलण्याचा या योजनेचा हेतू नसेलही. या भागात तिचा परिणाम तोच झाला.

वारसांच्या बाजूचा निर्णय

थोरल्या मुलीला घर मार्टिन आणि हेलनला द्यावंसं वाटत होतं. तिनं मला विचारलं, किती कमी केलं तर त्यांना जमेल? उत्तर ऐकून ती गप्प झाली. निम्म्या किमतीलाही अवघड होतं.

मग तिनं दोन गोष्टी सुचवल्या. एक, गृहनिर्माण संस्थेला विकावं. संस्थेशी बोलणं झालं, पण त्यांना मंजुरी आणि अनुदानासाठी बरेच महिने लागणार होते, आणि एकट्यादुकट्या जुन्या दगडी घराची देखभाल त्यांना परवडत नव्हती. दोन, विक्रीच्या करारातच अट घालावी की घेणाऱ्यानं हे घर आपलं मुख्य राहतं घर म्हणूनच वापरावं. हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. मार्टिनचं घर वाचलं नसतं, पण गावाला बारमाही राहणारं कुटुंब मिळालं असतं.

इथे कायदा आडवा आला. एक्झिक्युटर हे दुसऱ्यांच्या मालमत्तेचे राखणदार असतात. योग्य तो भाव मिळवणं हे त्यांचं कर्तव्य, आणि स्वतःच्या सदिच्छेपोटी भाव कमी करायचा तर सगळ्या वारसांची संमती लागते. कॅनडातल्या भावानं संमती दिली नाही. त्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: तिकडे त्याचं स्वतःचं घर नव्हतं, आणि हा वाटा म्हणजे ते घेण्याची एकुलती संधी होती.

जाहिरात लागल्यावर बघायला इतकी माणसं आली की एजंटनं बंद लिफाफ्यातल्या बोली मागवल्या. पाच बोली आल्या. सगळ्यात वरची 4,32,000 ची, पण त्या जोडप्याला आधी स्वतःचं घर विकायचं होतं. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेलं नसतं, आणि एकाची विक्री दुसऱ्याच्या खरेदीवर अशी साखळी लागली की मधली एक कडी तुटून सगळं कोसळू शकतं. दुसरी बोली 4,25,000 ची, रोख, साखळी नाही. लंडनचं घर कायम ठेवून दुसरं घर घेणारं जोडपं. वारसांनी हीच स्वीकारली. सात हजारांची खात्री त्यांनी विकत घेतली म्हणा ना. साखळीतल्या जोडप्याला इथे कायमचं राहायला यायचं होतं, हे थोरल्या मुलीला नंतर कळलं. बोलीच्या लिफाफ्यात तो प्रश्नच विचारलेला नव्हता.

काय केलं

रोखवाल्या जोडप्याची एक अट होती: 30 जूनच्या आत व्यवहार पुरा व्हावा. दुसऱ्या घरावरचा जादा 3 टक्के कर, म्हणजे 12,750 पौंड, त्यांना माफ नव्हताच. पण मूळ कर 30 जूनपर्यंत शून्य होता आणि नंतर 8,750 झाला असता. एवढी रक्कम तारखेवर लटकलेली. आणि भाडेकरूंना तर ऑक्टोबरपर्यंत राहण्याचा हक्क.

धाकट्या भावानं मार्टिनला फोन करून 4,000 पौंड देऊ केले, जूनअखेर घर सोडण्यासाठी. मार्टिन संतापला. हे स्वाभाविक होतं. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी बोललं होतं, तेही भाव करायला. हेलनला वाटत होतं की हक्क आहे तर ऑक्टोबरपर्यंत राहावं, तोवर काहीतरी सुचेल.

मी दोघांसमोर हिशेब मांडला. ऑक्टोबरपर्यंत थांबून गावात घर मिळण्याची शक्यता दिसत नव्हती, गावात भाड्याचं घर निघालेलंच नव्हतं. नव्या वसाहतीत त्यांच्या आवाक्यातली दोनच घरं शिल्लक होती. आणि जूनची तारीख गेली की त्यांच्या हातातलं वजनही जाणार होतं. त्यांनी 6,500 मागितले, अनामत पूर्ण परत, आणि हे सगळं वकिलामार्फत लेखी. दोन दिवसांत होकार आला.

त्यांनी येओव्हिलच्या कडेला 2,49,950 चं घर नोंदवलं. सरकारी कर्ज 49,990, स्वतःचे 25,000, बँकेचं कर्ज 1,74,960. पाच वर्षांसाठी दर पक्का, दोन टक्क्यांच्या आत. तीस वर्षांच्या मुदतीला हप्ता आला महिना 630 पौंडांच्या आसपास. कॉटेजचं भाडं 825 होतं. जे कुटुंब बाजाराच्या हिशेबानं गावात राहायला पुरेसं कमावत नव्हतं, त्याला नऊ मैलांवर स्वतःचं घर भाड्याहून स्वस्त पडत होतं. गावातला भाव गावातल्या कमाईवर ठरत नाही, दुसरीकडे विकलेल्या घरावर ठरतो, हे याहून स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

घर तयार व्हायला डिसेंबर उजाडणार होता, तोवर शहरातच भाड्यानं. याच टप्प्यावर एक अवघड निर्णय होता, आणि तो कसा झाला हे सविस्तर सांगतो. गावच्या आठ घरांच्या योजनेत पात्रतेची अट अशी लिहिलेली होती की अर्जदार गावात राहणारा किंवा काम करणारा असावा, किंवा गेल्या दहा वर्षांपैकी पाच वर्षं तिथे राहिलेला. म्हणजे शहरात गेल्यानं त्यांचा हक्क लगेच जात नव्हता. पण स्वतःचं घर घेतलं की भाड्याच्या घरांसाठी ते बाद, आणि अंशतः मालकीच्या घरासाठी आधी नवं घर विकावं लागणार. म्हणजे गावात परतायची वाट खुली ठेवायची तर भाड्यानंच राहायला हवं होतं, तेही किती वर्षं याचा पत्ता नाही.

मार्टिनचा कल थांबण्याकडे होता. हेलननं एकच विचारलं: फॉस्फेटचा प्रश्न कधी सुटेल हे कोणी लिहून देईल का? त्यांनी घर घेतलं. त्यांच्या जागी मीही घेतलं असतं.

निष्पत्ती

जुलैत शाळा संपेपर्यंत हेलन मुलीला घेऊन रोज नऊ मैल ये-जा करत राहिली. सप्टेंबरपासून मुलगी शहरातल्या शाळेत गेली आणि वर्षभरात हेलननंही तिथेच नोकरी घेतली. मार्टिनला अग्निशमन केंद्राचं काम जून संपतानाच सोडावं लागलं. त्याच्या जागी माणूस मिळायला बराच काळ गेला, आणि मधल्या काळात दिवसाच्या वेळी गाडीवर पुरेसे जवान नसल्यामुळे केंद्र अनेकदा बंद दाखवावं लागे. कॉटेजच्या व्यवहारात कुठल्याही कागदावर ही किंमत आलेली नाही.

कॉटेज आधी शनिवार-रविवारचं घर होतं, मग नवे मालक ते सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायला लागले. त्यामागे कराचं गणित आहे. वर्षात 140 दिवस उपलब्ध आणि प्रत्यक्षात 70 दिवस भाड्यानं गेलेलं घर एप्रिल 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे व्यवसाय म्हणून नोंदवता येतं. मग कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, लागत नाही, आणि करपात्र मूल्य 12,000 च्या आत असलं तर लहान व्यवसायाच्या सवलतीमुळे व्यवसायकरही शून्यावर येऊ शकतो. 1 एप्रिल 2025 पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावायची मुभा कौन्सिलांना मिळाली. पण व्यवसाय म्हणून नोंदलेल्या घराला ती लागू होत नाही. दुप्पट करामुळे काही घरं विक्रीला येतीलही. काहींना मात्र तोच कर व्यवसाय-नोंदणीच्या दाराकडे नेतो.

आठ घरांना परवानगी 2023 मध्ये मिळाली, फॉस्फेटची भरपाई करणारी श्रेयं (क्रेडिट) विकत घेऊन, म्हणजे तेवढंच फॉस्फेट दुसरीकडे कमी करण्याचे पैसे भरून. त्या खर्चामुळे योजनेचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. घरं 2025 मध्ये राहती झाली. सर्वेक्षणात ज्यांनी गरज नोंदवली होती त्यांतली बरीच कुटुंबं तोवर निघून गेलेली. आठांपैकी तीनच घरांत थेट गावातली माणसं आली, बाकी शेजारच्या गावांतली. हे अपयश नव्हे. पाच मुलं शाळेला मिळाली, आणि दोन वर्गांच्या शाळेत पाच मुलं म्हणजे एका शिक्षकाची नोकरी असू शकते.

मार्टिन आणि हेलनचं चांगलं चाललं आहे. पक्क्या दराची पाच वर्षं डिसेंबर 2026 मध्ये संपतील. दर साडेचार टक्के धरला तर हप्ता साडेआठशेच्या घरात जाईल, आणि सहाव्या वर्षापासून सरकारी कर्जावर 1.75 टक्के व्याज सुरू होईल, महिना सुमारे 73 पौंड. याची तयारी त्यांनी आधीपासून केली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडला तो वेळ, आणि तो फॉस्फेटच्या पत्रानं घेतला त्याच्या आधीच गावानं घालवला होता. परवडणाऱ्या घरांसाठी जागा कुठली, यावर पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गावच्या मंडळात, दोन वर्षं वाद चालला. चर्चमागचं शेत सोयीचं होतं, पण तिथून दिसणारा देखावा बिघडेल म्हणून विरोध झाला. विरोध करणारी माणसं वाईट नव्हती. पण ज्यांना घर हवं होतं ती सभेला आलीच नाहीत, संध्याकाळी सातला त्यांतली निम्मी कामावर असतात. अर्ज वर्षभर आधी गेला असता तर ऑगस्ट 2020 च्या आत निकाल लागू शकला असता, आणि नोटीस आली तेव्हा गावात आठ घरं उभी राहत असती.

वारसांनी एजंटला एक सूचना द्यायला हवी होती: प्रत्येक बोलीबरोबर घर कशासाठी हवं ते लिहून घ्या. अट घालायला संमती लागते, माहिती घ्यायला लागत नाही. साखळीतल्या जोडप्याची बोली सात हजारांनी जास्त होती. त्यांना आठ आठवडे दिले असते तर एक्झिक्युटरच्या कर्तव्याला बाध न येता गावाला बारमाही शेजारी मिळाले असते. धोका होता, पण त्या वसंतातला बाजार बघता मला तो घेण्याजोगा वाटतो.

मुख्य राहत्या घराची अट नियोजनातच आणावी, असं गावात आता बोललं जातं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजनं 2016 मध्ये सार्वमत घेऊन ते केलं, 80 टक्क्यांहून जास्त मतं बाजूनं पडली आणि न्यायालयातही ते टिकलं. पण ती अट फक्त नव्या घरांना लागू होते. आमच्या गावात विकली जातात ती जुनी दगडी घरं, आणि दुसरं घर घेणाऱ्याला हवीही तीच असतात. त्यामुळे या गावात निव्वळ त्या अटीनं फारसं साधणार नाही. कलम 157 ची उरलेली घरं दुरुस्त करून कर्जयोग्य करणं, हा मला अधिक उपयोगी मार्ग वाटतो. बंधन आधीच आहे, भाव आधीच कमी आहे, फक्त भिंतीचं प्रमाणपत्र नाही. गृहनिर्माण संस्थेनं अशी घरं विकत घेऊन, दुरुस्त करून, पुन्हा त्याच बंधनासह विकावीत असा प्रस्ताव मी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवला आहे.

भाडेकरूंपुरतं सांगायचं तर कायदा बदलला आहे. 1 मे 2026 पासून कलम 21 रद्द होतं. विकायचं म्हणून घर रिकामं करून घेता येईल, पण त्यासाठी कारण द्यावं लागेल आणि चार महिन्यांची नोटीस लागेल. मार्टिन आणि हेलनला यानं कॉटेज मिळालं नसतं. अशा गावात भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांना मी आता एवढंच सांगतो: मालक वयस्क असेल तर नोटीस यायची वाट बघू नका. कौन्सिलच्या घरनोंदणीत आजच नाव घाला, गावच्या गरज-सर्वेक्षणाचा फॉर्म भरून द्या, आणि जागेवर चर्चा असेल त्या सभेला घरातल्या एकानं तरी जाऊन बसा.